वरच्या वाडीची एकेचाळीस घरं

"तुमच्या गावात पाच वर्षांखालची पोरं बत्तीस," तालुक्याचा आरोग्य अधिकारी म्हणाला, "आणि तुम्ही लस टोचलीत सत्तावन्न पोरांना. उरलेली पंचवीस कुणाची, बाई? कुरणातल्या लामांची?"

खोलीतले दोघे कारकून हसले. सेनोबिया अपासा हसली नाही. पहाटे निघून अठरा किलोमीटर सायकल मारत ती आली होती, टोपीखाली घाम होता आणि मांडीवर लसीकरणाची जाडजूड वही होती.

"पोरं माणसांचीच आहेत, साहेब. म्हणाल तर उद्या सगळी आणून तुमच्या दारात उभी करते."

"पोरं आणून काय करू? मला आकडा पाहिजे." त्यानं कोकाच्या पानांच्या चहात तिसरा चमचा साखर टाकली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. सगळ्या गावांचे रंगीत खांब शंभराच्या रेषेखाली शहाण्यासारखे उभे होते. तिच्या विलाकोल्लोचा खांब तेवढा रेषा फोडून वर गेला होता. "एकशे अठ्ठ्याहत्तर टक्के! राजधानीतून फोन येतो मला. कुठली नर्स आकडे फुगवते म्हणून विचारतात. पुढच्या खेपेपासून बत्तीस पोरांच्याच लसी मिळतील. आणि फुगवाफुगवी बंद."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. सेनोबियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सहायक नर्सनं अधिकाऱ्यापुढे मस्तक वापरायचं नसतं, सही करायची असते. तिनं सही केली.

फुगलेलं काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीच्या जनगणनेत मोजणीवाल्यांचा ट्रक विलाकोल्लोत आला तो दुपारी, उशिरा. खालच्या वाडीतली चौसष्ट घरं त्यांनी उरकली. वरची वाडी तासाभराच्या चढावर आणि चढ असा की शहरच्या माणसाला दहा पावलांत धाप लागते. त्यांतल्या एकानं खालूनच मान वर करून विचारलं, "वर कुणी राहतं का?" कुणीतरी उत्तर दिलं, "आत्ता या वेळेला? लामा चारायला गेलीत सगळी." त्यानं कागदावर लिहिलं, 'वर वस्ती नाही.' एवढ्या तीन शब्दांत एकेचाळीस घरं, त्यांच्या चुली, म्हातारेकोतारे आणि पाळण्यातली पोरं पुसली गेली.

पुढं सगळं त्या कागदाप्रमाणे झालं. लोकसंख्या कमी म्हणून दवाखान्याचा डॉक्टर काढून घेतला. रुग्णवाहिका काढून घेतली. उरली सेनोबिया, लसींचा फ्रिज, पोरं तोलायचा लटकता काटा आणि तिची स्वतःची सायकल. दवाखाना म्हणजे मातीच्या विटांच्या दोन खोल्या, खालची वाडी संपते आणि चढ सुरू होतो तिथं. पुढच्या खोलीत रुग्ण, मागच्या खोलीत ती. नवरा खाणीच्या धुळीनं फुप्फुसं घालवून कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणत. ती प्रत्येकाला सांगे, "अरे, मी डॉक्टर नाही." त्यावर लोक म्हणत, "मग डॉक्टर कुठाय ते दाखव."

बत्तीस पोरांच्या लसी आल्या आणि सेनोबियाच्या नशिबी नवंच काम आलं. कुणाला टोचायचं नाही, हे ठरवायचं. तिनं ठरवलंच नाही. जे आधी येतील त्यांना दिली. आधी अर्थातच खालची वाडी आली, कारण ती जवळ होती.

जूनच्या थंडीत डांग्या खोकला आला. वरच्या वाडीतल्या हुस्ता कोल्केची लेक मिकाएला तेव्हा सात महिन्यांची होती. पहिला डोस झाला होता, दुसरा आणि तिसरा राहिला होता. पोर खोकून खोकून निळी पडायला लागली तेव्हा सेनोबियानं तिला रंगीत पट्ट्यांच्या चादरीत पाठीशी बांधलं आणि सायकल तालुक्याकडे दामटली. मागून हुस्ता धावत होती. नवव्या किलोमीटरच्या दगडापाशी पाठीवरचा खोकला थांबला. सेनोबियानं सायकल उभी केली नाही. थांबलं की मागं वळून बघावं लागणार होतं, म्हणून ती आणखी दोन किलोमीटर तशीच मारत राहिली.

मिकाएलाचा जन्म कुठं नोंदला गेला नव्हता. नोंदणीवाला वर्षातून एकदा येई आणि तोही खालीच. तेव्हा तिच्या मृत्यूची नोंदही झाली नाही. तिमाहीच्या शेवटी सेनोबिया तालुक्याला गेली तर अधिकारी उठून उभा राहिला.

"या, या! बघा, बत्तीसपैकी बत्तीस. शंभर टक्के! सांगितल्यावर सुधारलात की नाही?"

"साहेब, एक पोर गेली."

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. "नाव?"

"मिकाएला कोल्के."

"या नावाचं मूल विलाकोल्लोत नाही, बाई." त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हेच वाईट होतं. त्याला खरंच दिसत नव्हती. सेनोबियाला वाटलं, समोरचा चहा उचलून त्या तक्त्यावर फेकावा. तिनं वही मिटली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

नवीन जनगणनेची तारीख जाहीर झाली त्याच संध्याकाळी ती गावच्या माल्कूकडे गेली. माल्कू म्हणजे गावानं वर्षासाठी निवडलेला प्रमुख, सगळे त्याला ताता, म्हणजे बाबा, म्हणत. त्या वर्षी हिलारिओन तिकोना होता. साठीचा, खांद्यावरून तिरका चामड्याचा चाबूक आणि गालात कोकाच्या पानांचा गोळा. चाबूक मिरवायचा, मारायचा नाही. पण बोलणं चाबकासारखंच.

"ताता, या खेपेला एकसुद्धा माणूस सुटता कामा नये," सेनोबिया म्हणाली.

"सुटतोय कसा! पण डॉक्टरीणबाई, निम्मं गाव पोटासाठी एल आल्तो शहरात जाऊन बसलंय. ते तिथं मोजले जाणार."

"घरं इथं, जमिनी इथं, पोरं आजीकडे इथं टाकलेली. मग मोजले जायला तिकडं का?"

हिलारिओननं पानं या गालातून त्या गालात घेतली आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवर, जिथं फोनला आवाज मिळतो तिथं, खुर्ची टाकून बसला. चार दिवस तो बसला होता. अख्ख्या गावाला त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"कोण, वेन्सेस्लाओ? काय रे, शिवणाचं दुकान जोरात म्हणे! छान, छान. गणनेच्या आदल्या दिवशी इथं हजर व्हायचं. वेळ नाही? बरं बरं. मग तुझ्या बटाट्याच्या जमिनीचे तीन तुकडे गावजमा. पुढल्या पेरणीला दुसऱ्याचा नांगर. रडतोस कशाला? आईला घेऊन ये, बायकोला घेऊन ये, सासू असली तर तिलाही आण!"

आदल्या दिवशी दुपारी दोन बस भरून माणसं आली. शहरातली पोरं केसांना काहीबाही लावून आली होती आणि बुटांना चिखल लागला म्हणून कुरकुरत होती. वरच्या वाडीच्या चढावर गाद्या, लेकरं, पावाची पोती घेऊन रांग लागली. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घरांतून धूर निघाला. हुस्ताचा नवराही आला. मिकाएला गेली तेव्हा तो एल आल्तोत विटांच्या भट्टीवर होता. सेनोबियाला बघून त्यानं टोपी काढली.

जनगणनेच्या दिवशी आमचा देश घरात बसतो. बस बंद, बाजार बंद, रस्त्यावर कुत्री तेवढी. परवान्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकलं तर पोलीस धरतात. सकाळी सातला ट्रक आला. शहरातली पाच कॉलेजची पोरं उतरली, गळ्यात ओळखपत्रं, ओठ थंडीनं फुटलेले. त्यांची पुढारी हिमेना नावाची विशीतली मुलगी होती. कामाला चोख. घरोघर फॉर्म भरायचा, दारावर 'गणना झाली' असा निळा कागद चिकटवायचा, पुढं चालायचं.

साडेदहाला ती दवाखान्याच्या दारात आली. हातात निळे कागद होते. फॉर्म नव्हता.

"मावशी, फॉर्म संपले."

"संपले म्हणजे? ट्रकमध्ये असतील."

"ट्रकमध्ये नाहीत. चौसष्टच दिले होते. शेजारच्या घराला शेवटचा लागला."

सेनोबियानं चढाकडे बघितलं. वर प्रत्येक दारात माणसं उभी होती. सणाचे कपडे घातले असणार, म्हाताऱ्यांनी ओळखपत्रं हातात धरली असणार.

"चौसष्टच का?"

हिमेना ओशाळली. "गेल्या गणनेत चौसष्ट घरं होती ना. त्याप्रमाणे छापून आले."

माल्कू हिलारिओन मागंच उभा होता. त्यानं पानांचा गोळा थुंकला. "ट्रकच्या पुढं दगड लावा रे," तो ओरडला. "वरची वाडी मोजल्याशिवाय ही पाच पोरं गाव सोडणार नाहीत. आठ दिवस लागले तर आठ दिवस राहतील, बटाटे आहेत!"

दगड गडगडत आले. ट्रकचा चालक हात जोडायला लागला. हिमेनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताता, पोरींना रडवून फॉर्म येत नाहीत," सेनोबिया म्हणाली. "दगड राहू दे. पोरांना सूप पाजा. तालुक्याच्या शाळेत मोजणीची कचेरी आहे, मी तिथून घेऊन येते."

"आज बाहेर पडायला बंदी आहे."

"मला परवाना आहे. आरोग्यसेवा." तिनं पांढरा कोट चढवला, वही पाठीशी बांधली. त्याच चादरीत, त्याच गाठीनं.

नवव्या किलोमीटरच्या दगडापाशी ती उतरली नाही. तालुक्याच्या वेशीवर मात्र पोलिसानं हात आडवा केला.

"परवाना रुग्ण असेल तरच चालतो, बाई. रुग्ण कुठाय?"

"वरच्या वाडीत. एकेचाळीस घरं. सगळ्यांना एकच आजार आहे, कागदावर नसण्याचा. औषध तुमच्या शाळेत ठेवलंय, ते न्यायला आलेय. धरायचं असेल तर येताना धरा."

पोलीस पोरगेलाच होता, तोंडावर शेतकऱ्याचा काळपट रंग. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

शाळेच्या वर्गात तालुक्याचा मोजणीप्रमुख टेबलामागं बसला होता. समोर ताटात अर्धी कोंबडी. त्याच्या पाठीशी भिंतीला लागून छातीइतकी उंच खोक्यांची चळत. खोक्यांवर लिहिलेलं होतं, 'फॉर्म, राखीव'.

सेनोबियानं लसींपासून फॉर्मपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बोटं पुसली.

"विलाकोल्लोला चौसष्ट मंजूर आहेत. गेल्या गणनेप्रमाणे."

"गेल्या गणनेत तुमची माणसं चढ चढली नाहीत, म्हणून आम्ही नव्हतो. आता आम्ही नव्हतो, म्हणून फॉर्म नाहीत. मग आम्ही असायचं कधी, साहेब? सांगा ना. दिवस सांगा. त्या दिवशी आम्ही जन्माला येऊ."

"आवाज चढवू नका. राखीव फॉर्म वापरायचे तर घरांची अधिकृत यादी लागते."

तिनं चादरीची गाठ सोडली आणि वही कोंबडीच्या शेजारी आपटली. "ही घ्या. घराला पान. आईचं नाव, बापाचं नाव, पोरांची नावं, जन्मतारखा, वजनं. दर महिन्याला चढ चढून मी लिहिलंय. पहिल्या पानावर शिक्का बघा. सरकारचाच आहे. तुमच्या सरकारचा आणि माझ्या सरकारचा शिक्का वेगळा असला तर तसं लिहून द्या."

तो पानं उलटत राहिला. आधी मुद्दाम, मग हळूहळू. एका पानावर त्याचं बोट थांबलं. तिथं एका ओळीपुढच्या तीन चौकटींपैकी पहिलीत खूण होती आणि दोन कोऱ्या होत्या. पुढं लाल पेनानं तारीख.

"हे काय?"

"ती पोर गेली. लस आली नाही. का आली नाही ते आत्ताच सांगितलंय तुम्हाला."

त्यानं ते पान उघडंच ठेवलं. मग त्यानं खोकं ओढलं, अंगठा थुंकीनं ओला केला. "किती घरं?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीसच देईन. एकही जास्त नाही. मलाही वर हिशेब द्यायचा असतो."

"एकेचाळीसच पाहिजेत," सेनोबिया ताठ्यानं म्हणाली. "आम्ही आकडे फुगवत नाही."

अडीचला ती परत पोचली. छाती भात्यासारखी चालली होती. हिलारिओननं स्वतः तिची सायकल धरली, ट्रकपुढचे दगड बाजूला केले आणि पाच पोरांना हाकारत चढावर घेऊन गेला. त्यांना दर वीस पावलांवर थांबावं लागे. "श्वास घ्या, श्वास घ्या," हिलारिओन म्हणायचा, "हवा फुकट आहे, कमी आहे एवढंच." बायकांनी त्यांना कोकाची पानं चघळायला दिली आणि दमलेल्या पोरांची पाठ चोळली. सकाळी ज्यांना ओलीस धरलं होतं, त्यांना दुपारी गरम बटाटे मिळत होते.

हुस्ताच्या घरात सेनोबिया मुद्दाम हिमेनाबरोबर गेली. हुस्ता शेगडीपाशी बसली होती, नवरा दारात. हिमेनानं नावं विचारली, वयं विचारली, लामा किती, पाणी कुठून आणता ते विचारलं. हुस्ता एका शब्दात उत्तरं देत होती.

"म्हणजे या घरात माणसं दोन," हिमेना म्हणाली.

"तीन," हुस्ता म्हणाली.

"तिसरं कोण?"

"मिकाएला."

नवऱ्यानं मान फिरवली. हिमेनानं सेनोबियाकडे बघितलं. तिला कळलं असावं. ती अगदी हळू म्हणाली, "ताई, जी हयात आहेत तीच मोजायची असतात."

"ती हयात होती तेव्हा कुणी मोजायला आलं नाही," हुस्ता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आता आलात तर म्हणता, हयात पाहिजे."

सेनोबिया खाली बसली आणि तिनं हिमेनाच्या हातातला फॉर्म उलटवला. शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, गेल्या वर्षभरात या घरात कुणाचा मृत्यू झाला का, असल्यास नाव, वय.

हिमेनानं लिहिलं. हुस्तानं प्रत्येक अक्षर उमटताना बघितलं, वाचता येत नव्हतं तरी. 'सात महिने' या आकड्यावर तिनं बोट टेकवलं आणि विचारलं, "हे तिचं?" हिमेनानं मान डोलावली. सरकारी कागदावर ती पोर पहिल्यांदाच आली आणि आली ती मेलेली म्हणून. या देशात आमच्या लेकरांना नोंद मिळते तीही मेल्यावर, आणि तीसुद्धा कुणी अठरा किलोमीटर सायकल मारली तर. सेनोबियाला हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण ओरडायला समोर कोण होतं? एक थकलेली पोरगी.

सहा वाजता शेवटच्या घरावर निळा कागद लागला. एकेचाळीस घरं, एकशे ब्याण्णव माणसं. हिलारिओननं आकडा मोठ्यानं म्हटला आणि चढावरच्या प्रत्येक दारातून आरडाओरडा झाला. शिवणाचं दुकान असलेला वेन्सेस्लाओ सासूला खांद्यावर घेऊन नाचला. सासू त्याला शिव्या देत होती.

पोरं खाली उतरली. ट्रक सुरू झाला. हिमेना ट्रकमध्ये चढता चढता थांबली. तिचं लक्ष दवाखान्याच्या दाराकडे गेलं होतं. शेजारच्या दारावर निळा कागद होता, या दारावर नव्हता.

"मावशी, तुमचं घर?"

सेनोबिया बघतच राहिली. मग कपाळावर हात मारून हसली. "अगं बाई! मीच राहिले. माझ्या वहीत मी कुठाय? लसीचं वय गेलं माझं!"

"बेचाळीस मागायचे होते ना, मावशी."

"सुचलंच नाही गं."

हिमेनाला रडू फुटायच्या बेतात होतं. तिनं पिशवीतून एक उरलेला निळा कागद काढला आणि घाईघाईनं दारावर चिकटवला. "निदान हा तरी," ती म्हणाली, आणि चालकानं भोंगा वाजवला म्हणून पळाली.

धूळ बसेपर्यंत सेनोबिया उभी होती. मग तिनं नखानं कागदाचा कोपरा उचलला आणि फाटू न देता तो हळूहळू सोडवला. या घरची गणना झाली नव्हती. दारावर खोटं कशाला हवं?

आत येऊन तिनं वही उघडली, हुस्ताचं पान काढलं. मिकाएलाच्या नावापुढं दोन कोऱ्या चौकटी होत्या. त्यांच्यावर तिनं तो निळा कागद ठेवला आणि तळहातानं दाबून दाबून चिकटवला. 'गणना झाली.' इथं ते खरं होतं.

फ्रिजचं संध्याकाळचं तापमान लिहायचं राहिलं होतं. तिनं तापमापीचा काटा बघितला आणि तक्त्यावर लिहिलं, चार अंश.